कोपऱ्यातली रेघ

३ मार्च
आजपासून मी प्रयोगशील ग्राफिक आर्टिस्ट. लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं, झेरॉक्स मशीनवरही कला करता येते. मशीन घरचंच. हे गेल्यापासून दुकान मीच बघते. संकल्प: रोज एक कलाकृती. आजची: अर्धा कोबी. कॉपी झकास. उरलेल्याची भाजी केली. लेक म्हणाली, आई, भाजीला दुकानाचा वास येतोय. तिला कलेत गती नाही.

५ मार्च
काल कलाकृती राहिली. गिऱ्हाईकं फार. आज कुकरचं झाकण.
प्रत्येक कॉपीत कोपऱ्यात तिरकी रेघ उमटते. वकीलसाहेब तडकले. म्हणाले, बाई, माझ्या अशिलाची सही खोडल्यासारखी दिसते. मेकॅनिक म्हणाला, काचेवर ओरखडा आहे, काच बदलू.
ओरखडा ह्यांच्या अंगठीचा. कागद तळव्याने दाबून सपाट करायची खोड. अंगठी काढा, अंगठी काढा, सांगून दमले.
मेकॅनिकला म्हटलं, काचेला हात लावायचा नाही. ती रेघ माझी शैली आहे. ह्यांचा काही संबंध नाही.

९ मार्च
स्वतःच्या गालाची कॉपी काढली. नणंद नेमकी तेव्हाच टपकली. वहिनी, मशीनवर डोकं टेकून रडताय काय, म्हणाली. म्हटलं, मशीनचा उजेड डोळ्यांत गेला. मग कॉपी हातात घेतली. म्हणाली, ही दादाचीच रेघ ना? म्हटलं, छे, कॉम्पोझिशन आहे.

१५ मार्च
मोठं काम. कोबीच्या कॉपीची कॉपी, तिची कॉपी, असं दिवसभर. कोबी पुसट होत होत गेला. शेवटी नुसती रेघ उरली. मालिकेचं नाव 'कोबी'. लायब्ररीचा हॉल मिळाला. आता जगाला कळेल.

२२ मार्च
प्रदर्शन. जग आलं नाही. नणंद आली, खुर्चीवर पेंगली. मग वकीलसाहेब आले, हातात कागद. दोन्ही बाजूंनी काढा, म्हणाले. दुकानात मेकॅनिक मशीन उघडून बसलाय, म्हणून इथे आलो.
चपला हातात घेऊन धावले.
काच बदलून झाली होती. लेकीनेच त्याला बोलावलेलं. आई, प्रदर्शनाची भेट, म्हणाली. कौतुकाने एक कॉपी काढून दाखवली. कोपरा कोरा. लख्ख.
छान आहे, म्हटलं.

२३ मार्च
तांत्रिक कारणास्तव कला बंद. वकीलसाहेब खूश.
जुनी काच मेकॅनिक भंगारात टाकणार होता. मागून आणली. जेवणाच्या टेबलाला काच हवीच होती. एका ताटापुरतीच आहे. ह्यांच्या खुर्चीसमोर ठेवली.
लेक म्हणाली, आई, तिथे कोणी बसतच नाही.
म्हटलं, म्हणूनच. आणखी ओरखडे पडायला नकोत.