वरचा गारवा, खालचं पाणी

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुमचा गुडघा आणि मामीचा राग, दोन्ही उतरले असतील असं धरून पुढे लिहितो.

मामा, आपल्या इमारतीत क्रांती झाली, आणि ती मी केली! तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे यंदा तिसऱ्यांदा पाणी शिरलं. मशीन बुडालं, गिऱ्हाइकांची कापडं भिजली. पुन्हा शिरलं तर जागा सोडते म्हणाल्या. त्यांचा उंबरा उंच करायचा, पंप बसवायचा, तर ठराव आला की वर्गणी सर्वांना सारखी. मी ताडकन उठलो (उसण तेव्हाचीच). म्हटलं, काकूंकडे एक टेबलफॅन, तोही मान वळवत नाही. हवा तापवायची वरच्यांनी, पावसाचं डोकं फिरवायचं वरच्यांनी, बुडायचं मात्र काकूंनी, आणि वर पैसेही त्यांनीच द्यायचे? चोर सोडून संन्याशाला फाशी! जगभर हेच चाललंय म्हणे. जग माझं ऐकत नाही, पण जिना तर आपला आहे! ज्याचा धूर जास्त, त्याचा कर जास्त. मोजा एसी, मोजा मोटारी!

काय टाळ्या पडल्या, मामा! पहिल्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर कुरकुरले, की आमचा एसी पेशंटसाठी आहे. तरी माझा ठराव एका मताच्या फरकानं पास झाला (ते मत तुमचं. तुम्ही परगावी, तुमचं अधिकारपत्र आणि इथल्या घराची किल्ली माझ्याकडे, म्हणून हात मीच वर केला). रविवारी मोजणी झाली, आकडे लिहायला वही घेऊन खुद्द काकू. माझ्या घरी शून्य एसी निघाले. छाती कशी फुलून आली म्हणून सांगू!

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. सर्वांत मोठा कर तुमच्या घराला बसला. दोन मोटारी, चार एसी. चेक लवकर धाडावा.

आणखी ता. क. एसी तुमचे तीनच. चौथा माझ्या खिडकीतला. मोजणीच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे चढवून ठेवला (उसण खरी त्यातली).

शेवटचं ता. क. तो घेऊन जिन्यात अडकलो, तेव्हा दुसरं टोक शिंपीणकाकूंनी धरलं. "जपून हं, पाठ धरेल," एवढंच म्हणाल्या. मोजणीत तुमच्यापुढे चार लिहिताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मामा, तेव्हापासून फार लाज वाटते. चेक तीनचाच पाठवा, चौथ्याचे मी भरतो. फक्त तो खाली उतरवायला कुणीतरी धाडा. काकूंना पुन्हा कोणत्या तोंडानं सांगू?