काटे काढलेला डबा

ती. मालनवन्स यांस,

(घटस्फोटाचा हुकूम हातात पडून चार दिवस झाले, तेव्हा हा मायना खरं तर बदलायला हवा, पण तुम्हाला दुसरं काय म्हणायचं ते सुचेना) घोडपदेवहून दमयंतीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? कोर्टाच्या जिन्याने तो बिघडला असेल तर दोष तुमच्या भावाचा, जगनचा. मी लिफ्टच्या रांगेत उभी राहायला तयार होते.

शेवटच्या तारखेला तुम्ही नव्हता, म्हणून सगळं लिहिते. दोघांची संमती असली की सही करून सुटलो, असं आपल्याला वाटलं होतं. कसलं काय! आधी लग्न झालं होतं हे पटवून द्या. (तेवीस वर्षं संसार केला, हा पुरावा धरत नाहीत.) आमच्या वकीलबाई फ्लॅविया बाप्टिस्ट यांनी फोटो मागितला, तर दोघं एकत्र दिसतो असा एकच निघाला, आणि त्यात मधोमध तुम्ही, माझी मुंडावळी सारखी करताना. खिडकीवरच्या माणसाने यातली नवरी कोण असं विचारलं, तेव्हा जगन बराच वेळ विचारात पडला.

मग समुपदेशक बाई. मोडणारं सांधता येतं का, ते बघणं त्यांचं काम. त्या दिवशीची एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. आत आम्ही दोघं अगदी परक्यासारखे बोललो. घोटाळा बाहेरच्या बाकावर झाला. तुम्ही पाणी आणायला गेलात आणि मी तुमचा डबा उघडला. तळलेल्या मुडदुशी. माहीमच्या कोळीवाड्यात जन्मून माशाचा काटा काढता न येणारा माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला आलेला. त्याच्याशी कडाकडा भांडत मी सवयीने काटे काढून त्याच्यापुढे ठेवत होते, आणि बाई समोर उभ्या. पुन्हा आत बोलावलं.

"तुम्हाला नक्की वेगळं व्हायचंय ना?"

"मॅडम, काटे काढूनच तर दमलेय."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि तरीही आणखी एक तारीख दिली. अर्ज टाकल्यावर सहा महिने थांबायचं असतं, ते वेगळंच. लग्नाच्या आधी कुणी सहा दिवसही थांबू दिलं नव्हतं.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी जगनला विचारलं, स्वखुशीने आलात का? मी सवयीने तोंड उघडणार, तोच त्याने स्वतःच्या तोंडाने "हो" म्हटलं. वन्स, खरं सांगते, मला अभिमान वाटला.

आणि तुमचं काय सांगू? सख्ख्या भावाच्या घटस्फोटाला, शेवटची सोडून दर तारखेला डबा घेऊन येणारी बहीण त्या कोर्टाने पाहिली नसेल. बाकावर आम्हा दोघांच्या मध्ये बसलात, पण बाजू कुणाचीच घेतली नाहीत. म्हणून मी भांडून नाही, चालत बाहेर पडले. हे उपकार फेडायचा माझा विचार नाही.

तुमची,
दमयंती

ता. क. हुकूम तीनदा वाचला. त्याने काय सोडायचं, मी काय सोडायचं, सगळं आहे; नणंदेबद्दल एक ओळ नाही. फ्लॅविया म्हणतात, कायदा यावर गप्प आहे. म्हणून तुम्हालाच विचारते: वन्स म्हणत राहिले तर चालेल?

ता. क. २. तुमचा डबा माझ्याकडेच राहिला होता. रिकामा पाठवणार कसा? मुडदुशी भरून फ्लॅवियांच्या हाती देतेय, त्या माहीमलाच राहतात. आता रिकामा परत पाठवणं तुम्हालाही जमणार नाही. मात्र तो घेऊन स्वतः या.

ता. क. ३. खालच्या खणातल्या माशांचे काटे काढलेत. ते कुणासाठी, हे समुपदेशक बाईंना कळता कामा नये.