दहा आठवड्यांच्या मुलीच्या नोंदीत आईची बोटे

प्रति,
मा. ओळख-पडताळणी अधिकारी,
ओळख नोंदणी कार्यालय, दुसरा मजला
(खिडकी क्र. ६ मार्फत)

अर्जदार: नोटिशीत जिला 'व्यक्ती क्रमांक एक' म्हटले आहे ती.

विषय: माझ्या सात महिन्यांच्या मुलीला पडताळणी केंद्रात ठेवून घेण्याचा आदेश मागे घेणेबाबत, व तिच्या नोंदीतील बेकायदा ठसे पुसून टाकणेबाबत.

संदर्भ: १) आपली दुबार नोंदीची नोटीस, दि. २. २) नोंदणी अधिनियम, कलम ११, १४ व १९. ३) माझे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांची पोच मिळालेली नाही.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सादर करते की, मी औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबले तपासण्याचे काम करते. शिक्षण पदवीपर्यंत झाले आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच की न वाचता मी कशावर काही उमटवत नाही. त्या दिवशी जे केले तेही वाचून केले. ती चूक आधीच कबूल करते, म्हणजे पुढचे आपण शांतपणे वाचाल.

२. मुलगी दहा आठवड्यांची असताना मी तिला लशीसाठी आरोग्य केंद्रात नेले. लशीच्या खोलीच्या दारातच नोंदणीचे टेबल मांडलेले होते आणि नोंदीची चिठ्ठी पाहिल्याशिवाय सिस्टर आत घेत नव्हत्या. टेबलामागच्या भिंतीवर आपल्याच कार्यालयाचा छापील कागद चिकटवलेला होता: पाच वर्षांखालील बालकांचा फक्त फोटो घ्यावा, बोटांचे व डोळ्यांचे ठसे घेऊ नयेत. मी तो वाचला आणि ऑपरेटरला बोटाने दाखवलाही. तो म्हणाला, "ताई, कागद भिंतीवर आहे, मशीन टेबलावर आहे. दहाच्या दहा चौकोन भरल्याशिवाय मशीन पुढचं पान उघडत नाही."

मग त्याने मुलीची मूठ उघडली. बोटे कापसाने पुसली, त्यांच्यावर फुंकर मारली, काचेवर दाबली. एवढ्या लहान बोटांवर रेषा असतात, पण मशीनला त्या दिसत नाहीत. नऊ वेळा दाबल्यावर मुलगी रडून काळीनिळी झाली. मागच्या रांगेतून "अहो आटपा" सुरू झाले. तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचीच लावा की. सकाळपासून सगळ्या आयांनी हेच केलंय. पाच वर्षांनी खरी घेतात, तोवर कोण बघतंय?" मी माझी दहाही बोटे लावली. पान उघडले, लस मिळाली. यात कसलाही लाभ घेण्याचा हेतू नव्हता. तिला लस हवी होती, बस.

३. आता आपली नोटीस. तीत म्हटले आहे की "एकाच व्यक्तीने सत्तावीस वर्षे व सात महिने अशा दोन वयांनी ओळख मिळवल्याचे निदर्शनास आले असून, कथित दुसरी व्यक्ती अस्तित्वात असल्यास तिला सोमवार दि. १९ रोजी सकाळी साडेदहा वाजता ठसे व डोळ्यांच्या नोंदीसाठी हजर करावे." पुढे असे की, नोंद जुळेपर्यंत, जास्तीत जास्त बहात्तर तास, दुसऱ्या व्यक्तीस केंद्रात ठेवण्यात येईल व "संगनमत टाळण्यासाठी" पहिल्या व्यक्तीस भेटू दिले जाणार नाही.

महोदय, दुसरी व्यक्ती अंगावर पिते. बाटली तोंडाला लावली की मान फिरवते. अनोळखी माणसाने उचलले की आधी श्वास कोंडते आणि मग रडते, आणि ते मधले दोन-तीन क्षण काय असतात हे मी आपल्याला अर्जात लिहून सांगू शकत नाही. बहात्तर तास हे तिच्या हिशेबाने किती असतील तेही मला सांगता येत नाही. ती माझ्याशी कोणते संगनमत करणार आहे, एवढे तरी कळावे.

४. नोटीस आली त्याच आठवड्यात आपल्या कार्यालयाने दोन्ही नोंदी एकत्र केल्या आणि नवी नोंद खरी धरली. मला हे कारखान्याच्या फाटकावर कळले. हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला तर लाल दिवा लागला. वॉचमन काका चष्मा वर करून वाचू लागले आणि हसत सुटले. "पोरी, हे म्हणतंय तू सात महिन्यांची आहेस! बालकामगार ठेवला म्हणून मालकाला आत टाकतील." मीही हसले. हसता हसता पुन्हा अंगठा ठेवला, पुन्हा लाल दिवा लागला, तेव्हा काकांनी खुर्ची पुढे केली. त्या दिवसापासून मी घरी आहे. दवाखान्यात, बँकेत, कुठेही माझे बोट लावले की मी दूधपिती ठरते, आणि दूधपितीला स्वतःचा अर्ज करता येत नाही. म्हणून हा अर्ज कागदावर आहे.

५. मी खिडकी क्रमांक सहावर चार वेळा आले, मुलीला घेऊनच. खिडकीवरच्या बाई वाईट नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी मुलीच्या गालाला हात लावला, मग पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सिस्टीममध्ये तर एकच आहे हो. मग ही कोण?" मी म्हटले, "मुलगी." त्या म्हणाल्या, "ते मला दिसतंय, त्याला दिसत नाही ना." ठसे पुसायची विनंती केली तेव्हा त्यांनी माझ्याकडेच ठसा मागितला, कारण ज्याची नोंद त्याच्या बोटानेच पुसली जाते. मी काचेपर्यंत बोट नेलेही होते. त्यांनी माझे मनगट धरले. "थांबा, तुमची आणि तिची बोटं एकच. एक पुसायला जाल आणि दोघी जाल." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण चौथ्या दिवशी मुलीच्या हातमोज्यांकडे पाहून त्याच म्हणाल्या, "काढून ठेवत जा, साहेबांना लपवाछपवी वाटेल." तेव्हापासून मी तिला तिथे आणलेले नाही.

६. कायद्याचे म्हणणे मी वाचनालयात उभी राहून उतरवून घेतले आहे. कलम ११ प्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचे बोटांचे किंवा डोळ्यांचे ठसे शासनाला कोणत्याही कारणासाठी घेता येत नाहीत. आईबापाने हो म्हटले तरीही नाही. कलम १४ प्रमाणे असे ठसे घेतले गेले असतील तर पालकाने लेखी सांगितल्यापासून तीस दिवसांत ते पुसणे कार्यालयावर बंधनकारक आहे, आणि त्यासाठी पुन्हा ठसा मागावा असे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही. कलम १९ प्रमाणे पडताळणीसाठी कोणालाही अडकवून ठेवता येत नाही. म्हणजे सोमवारी जे करायचे योजले आहे ते कलम ११ आणि १९ या दोन्हींप्रमाणे कायद्याबाहेर आहे. हे मी खिडकीवर वाचून दाखवले. शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण ते कलम अजून सॉफ्टवेअरमध्ये आलेलं नाही."

७. घरची परिस्थिती अशी. माझे पती लिफ्ट दुरुस्त करतात. ते आधी म्हणत होते, "घेऊ दे ना बोटं, काय झिजतात का?" बहात्तर तासांचे वाक्य मी वाचून दाखवल्यापासून ते रात्री दाराची कडी दोनदा तपासतात. सासूबाई म्हणतात, "नाक आमच्याकडचं, कपाळ तुझं, अर्धी गल्ली लांबून ओळखते, आणि एवढ्या यंत्रांना कळेना?" मंगळवारी आपल्या कार्यालयाची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. दोघांनी उतरून दारांचे फोटो काढले. आमच्या दाराचे दोन काढले, मी पडद्याआडून मोजले. गाडी जाईपर्यंत मी मुलीला न्हाणीघरात घेऊन बसले होते आणि ती रडू नये म्हणून पाजत होते. आपले कर्मचारी कदाचित दुसऱ्या कामाला आले असतील. तसे असेल तर मला कोणीतरी सांगावे.

८. तरी विनंती की,
(अ) सोमवारचा आदेश लेखी मागे घ्यावा;
(आ) मुलीच्या नोंदीतले ठसे माझे आहेत हे मान्य करून, माझे बोट न मागता, ते कलम १४ खाली पुसावेत व फक्त तिचा फोटो ठेवावा;
(इ) त्या दिवशी त्या टेबलावर बोटे लावलेल्या इतर आयांच्या नोंदीही तपासाव्यात. त्यांना अजून नोटीस आलेली नसेल, आणि त्यांच्यापैकी कितीजणींना कलमे उतरवून घेता येतील मला माहीत नाही.

९. शेवटचे. नोटिशीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक वाट दिलेली आहे. 'दुसरी व्यक्ती अस्तित्वात नाही' असे पहिल्या व्यक्तीने लिहून दिल्यास कोणालाही हजर करावे लागत नाही. कारवाई फक्त पहिल्या व्यक्तीवर होते आणि दुसरी नोंद कायमची बंद होते. त्या वाटेचा मी पुष्कळ विचार केला आहे. तसे लिहून दिले तर मला शिक्षा होईल, ती चालेल. मुलीला नवव्या महिन्यातली गोवराची लस मिळणार नाही, पुढे शाळाही नाही, कारण जी नाही तिला काही मिळत नाही. पण तिला कोणी माझ्या हातातून घेऊ शकणार नाही, कारण जी नाही तिला नेताही येत नाही.

तो कबुलीजबाब मी काल लिहून काढला. "मला मूल नाही" एवढेच वाक्य, पण तीन कागद वाया गेले. ती माझ्या मांडीवरच होती आणि पेन ओढत होती. चौथा कागद सोबत जोडला आहे. त्यावर अजून सही केलेली नाही. आपले उत्तर शुक्रवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी मिळाले तर तो फाडून टाकावा. नाही मिळाले, तर सोमवारी साडेदहाला मी एकटी येईन आणि आपल्यासमोर सही करीन.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,

(सही)
एका मुलीची आई

दिनांक: १४, बुधवार

सोबत:
१) नोटिशीची प्रत, दोन्ही पाने
२) कलम ११, १४ व १९, हस्तलिखित
३) लशीचे कार्ड, मुलीच्या फोटोसह
४) 'मला मूल नाही' असा कबुलीजबाब, सहीविना, एक पान