मूळ दाखला गहाळ नसल्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
शहापूर, जि. ठाणे.

अर्जदार : काळूराम धर्मा वेखंडे, वय ६९, शाळेतील माजी लिपिक, रा. सापगाव, ता. शहापूर.

विषय : सौ. रंजिता अनिल वेखंडे यांना दहावीचा खासगी फॉर्म (नमुना नं. १७) भरण्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत, मूळ दाखला हरवलेला नसतानाही, मिळणेबाबत.

संदर्भ : पतसंस्थेचे पत्र (सोबत जोडले आहे).

महोदय,

१. अर्जदार हा सदर रंजिताचा सासरा. डोळखांबकडच्या एका विनाअनुदानित शाळेत त्याने सव्वीस वर्षे लिपिकाचे काम केले. निवृत्तिवेतन नाही. लोकांचे अर्ज त्याने पुष्कळ लिहिले, घरचा हा पहिलाच. मजकूर लांबला तर तो अर्जदाराचा जुना दोष समजावा.

२. रंजिता, वय ३३, नववी पास, आसनगावजवळ एका गोदामात पॅकिंगला जाते. तिथल्या साहेबांनी तिला सांगितले आहे की दहावी पास हो, चेकरचे काम देतो. चेकरला बसायला खुर्ची असते आणि पगार महिन्याचा असतो. रंजिताला दिवसाचा मिळतो. तिची मुलगी समीक्षा यंदा नववीत आहे. पुढच्या वर्षी समीक्षाचीच दहावी, तिचीच पुस्तके आणि तिचाच क्लास. म्हणून रंजिताच्या दहावीला हे एकच वर्ष आहे. यावर समीक्षा म्हणते, "आये, पुढच्या वर्षी दोघी एकाच बाकावर बसू, मी दाखवीन तुला." मायलेकी हसल्या. अर्जदाराला हसता आले नाही.

३. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो एका पतसंस्थेच्या कपाटात आहे. अर्जदाराचा मुलगा अनिल याने पाच वर्षांपूर्वी टेम्पोसाठी कर्ज काढले आणि बायकोला जामीन ठेवले. तिच्या वयाचा पुरावा म्हणून मूळ दाखला दिला, तो संस्थेने ठेवून घेतला. टेम्पो विकला गेला. अनिल तीन वर्षांपासून कामासाठी बाहेर आहे आणि पत्ता कळवत नाही. कर्ज रंजिताचे नाही, सही मात्र तिची आहे. हप्ते तीच भरते.

४. अर्जदार स्वतः पतसंस्थेत गेला. व्यवस्थापकांनी खुर्ची दिली, चहा दिला. "दाखला आहे ना बाबा. कुठं पळून जातोय? कर्ज नील करा, दुसऱ्या दिवशी न्या," असे म्हणाले. हिरव्या कपाटातल्या फायलीतून प्लास्टिकच्या पिशवीसकट काढून त्यांनी तो दाखवलाही. हे लिहून द्यावे अशी विनंती केली तेव्हा चहाचा कप उचलून नेण्यात आला. नंतर रीतसर अर्ज केला, त्याला उत्तर आले : "असा कोणताही दाखला संस्थेच्या दफ्तरी जमा नाही." म्हणजे दाखला तोंडी आहे आणि लेखी नाही. अशी वस्तू कोणत्या सदरात मोडते हे अर्जदाराला इतक्या वर्षांच्या कारकुनीनंतरही ठरवता आले नाही.

५. मग अर्जदार आपल्या जुन्या (आणि रंजिताच्याही) शाळेत दुय्यम प्रत मागायला गेला. तिथे आता हर्षित नावाचा लिपिक आहे. त्याला दाखले लिहायला अर्जदारानेच शिकवले. दुय्यम प्रतीच्या छापील नमुन्यात मूळ दाखला नसण्याची तीनच कारणे आहेत : गहाळ झाला, जळाला, भिजला. अर्जदार म्हणाला, यातले एकही झालेले नाही. हर्षित म्हणाला, "बाबा, 'गहाळ'वर टिक करा, सुनेची सही आणा, अर्ध्या तासात देतो. का चौथा रकाना छापून आणू तुमच्यासाठी?" स्टाफरूममधले सगळे हसले. अर्जदार टिक न करता एस.टी.ने परत आला.

६. रंजिताला हे सांगितले तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तिने तवा उतरवला आणि म्हणाली, "बाबा, तुमी त्या टायमाला एक वळ खोटी लिवली ना? मंग आता एक माझ्यासाठी लिवा."

७. ही ओळ कोणती, हे आपणास सांगणे अर्जदार कर्तव्य समजतो. सन २००८ मध्ये रंजिता त्याच शाळेत नववी पास झाली. गणितात पंच्याऐंशी होते. मुलगी सून म्हणून घरात यावी असे अर्जदाराच्या मनात आले आणि त्याने तिच्या वडिलांकडे शब्द टाकला. सोयरीक ठरली. वय अठरा भरायला दोन वर्षे होती. कायदा मोडायचा नाही, म्हणून ती दोन वर्षे नुसती घरी बसली. दहावीत का बसवली नाही, असे तेव्हा कोणी विचारलेही नाही. तिचा दाखला अर्जदारानेच लिहिला. शाळा सोडण्याच्या कारणात लिहिले : "पालकांच्या विनंतीवरून." विनंती पालकांची नव्हती. ती अर्जदाराची होती. अक्षर चांगले आले होते.

८. आता प्रश्न पैशाचा. रंजिताची भिशी लागली आहे. तीस हजार मिळाले. कर्जाचे साडेअठ्ठावीस हजार बाकी आहेत. कर्ज फेडले तर दाखला हातात येतो, पण फॉर्म, शहापूरचा रविवारचा क्लास, गाईडे आणि परीक्षेच्या दिवसांची बुडती मजुरी यांना काही उरत नाही. शिकायला पैसे ठेवले तर दाखला कपाटात राहतो आणि फॉर्म भरता येत नाही. दोन्ही साधायचे तर दुय्यम प्रत हवी, आणि तिला एक खोटी टिक. रंजिताने भिशीची पिशवी अर्जदारापुढे ठेवली. "मागल्या टायमाला तुमीच ठरवलेत. आता बी तुमीच ठरवा," असे म्हणाली आणि कामाला गेली.

९. अर्जदाराने आठ दिवस विचार केला. शब्दकोश पाहिला. जी वस्तू मालकाला मिळत नाही ती गहाळच, असा अर्थ ताणून बसतो का, हे तपासले. बसत नाही. तिच्या सहीने खोटे प्रतिज्ञापत्र केले आणि उद्या कोणी तक्रार केली तर परीक्षा रद्द होईल, हेही भय वाटले. हे भय खरे की आपला भित्रेपणा त्याच्या आड लपतो आहे, हे कळत नाही. शेजारच्या धोंडीबाई म्हणाल्या, "मेल्या, पोरीचा जन्म बुडवताना शब्दकोस उघडलास काय रं?" त्या वयाने मोठ्या आहेत.

१०. सबब नम्र विनंती की, "मूळ दाखला अस्तित्वात आहे, परंतु मिळत नाही" असे कारण मान्य करून दुय्यम प्रत देण्याबाबत संबंधित शाळेस लेखी सूचना व्हावी. फॉर्मची मुदत महिनाअखेर आहे.

११. वरील मजकूर रविवारी लिहिला. शुद्धलेखन तपासून सोमवारी पक्का करायचा होता. 'परंतु' ठेवावे की 'तथापि', यात सोमवार गेला. संध्याकाळी रंजिता आली आणि तिने दाखला अर्जदारापुढे ठेवला. दुपारची सुटी टाकून ती पतसंस्थेत गेली होती. भिशीची पिशवी अर्जदाराच्या ट्रंकेतून तिने सकाळीच काढून घेतली होती, त्याला पत्ता नव्हता. साडेअठ्ठावीस भरले आणि वर नोटीस खर्चाचे म्हणून बाराशे. अर्जदार म्हणाला, अर्ज तयार होता, आज-उद्या दिलाच असता. ती म्हणाली, "तुमचा अर्ज पुरा होईस्तवर माझी नात दहावी होईल."

१२. त्यामुळे विषय बदलला आहे. वरचा भाग खोडायला हवा होता, पण खोडला तर काय घडले हे कुठेच लिहिलेले राहणार नाही, म्हणून तसाच ठेवला आहे. येत नाही म्हणून क्लासला तिने कळवले. फॉर्मच्या फीपुरते पैसे अर्जदाराजवळ आहेत. ते पुढे केले, तर म्हणाली, "राहू द्या. तुमाला कागदाला लागतील." समीक्षा या वेळी हसली नाही.

१३. आता विनंती एवढीच आहे. रंजिताची मजुरी दर शनिवारी हातात येते. फी घेऊन ती शनिवारी स्वतः येईल. तोवर तिचे नाव फॉर्म भरणाऱ्यांच्या यादीत धरून ठेवण्यास संपर्क केंद्राला (फॉर्म घेणाऱ्या शाळेला) सांगावे. अभ्यास कशावर आणि कधी करणार हे तिने सांगितलेले नाही. शनिवारी अर्जदार सोबत नसेल. तशी तिची सूचना आहे.

आपला नम्र, व या कामी उशीर केलेला,
(सही)
काळूराम धर्मा वेखंडे
सापगाव, दि. २४ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. मूळ दाखला (घडीवर विरला आहे, जपून उघडावा).
२. सदर दाखला आपल्याकडे जमा नसल्याचे पतसंस्थेचे पत्र.
३. सदर दाखला परत दिल्याची त्याच पतसंस्थेची पोच.