दादाच्या मेंदूतले तीन ठिपके

९ मे, वडगाव
दादा गावाकडून तहसीलला आला होता. अर्जावर सही करता येईना. निरोप आला तशी धावत गेले. पेन हातात, नुसता कागदाकडे बघत बसलेला. म्हणाला, "सुमे, अक्षरं येईनात."

१३ मे
एमआरआय. मेंदूत तीन ठिपके.
दोन वर्षांपूर्वी डावी किडनी काढली, तेव्हा सगळं निघालं म्हणाले होते. आज डॉ. म्हणतात, हा मेंदूचा वेगळा कॅन्सर नाही, किडनीचाच तिकडे गेलाय.
दादानं शांतपणे विचारलं, "किडनीच काढली न्हवं? मग ह्ये आलं कुटनं?"
मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकतंय.

२७ मे
मोठ्या ठिपक्याला किरणं देऊन झाली. आजपासून गोळी, रोज एक. शिवाय तीन आठवड्यांनी एकदा सलाइनमधून दुसरं औषध. औषध मेंदूपर्यंत पोचतं का, मी विचारलं. काही पोचतं म्हणाले. किती, ते तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये कळेल. म्हणजे तोवर...

१४ जुलै
आंदर मावळात दादाकडे. एसटीतून उतरून तासभर चालले. बांधावर एक म्हातारा दिसला. भुवयासुद्धा पांढऱ्या. जवळ गेले तर दादा. एकावन्नचा आहे तो. गोळीनं केस असे होतात, आधी सांगितलं होतं.
वहिनी हळूच म्हणाली, गोळ्या बघा. सहा दिवसांच्या तशाच.
दादा म्हणाला, "गोळी घेतली की तळपाय सोलवटतात. चिखलात उभं ऱ्हावत न्हाई. भाताची लावणी आठ दिसांची, गोळी हायेच की."
मी काय काय बोलले, आठवत नाही. वहिनी रडत होती.

१५ जुलै
डॉ. ना फोन. रागावले नाहीत. मनानं बंद करू नका, आधी सांगा. गोळीची ताकद कमी करून देतो, असं म्हणाले. एवढं सोपं होतं. आम्ही कुणी विचारलंच नाही.

२९ ऑगस्ट
रिपोर्ट. दोन ठिपके लहान झालेत. तिसरा आहे तेवढाच. गोळी चालू ठेवायची. किती दिवस, दादानं विचारलं. "चालतंय तोवर," डॉ. म्हणाले.
बाहेर आल्यावर दादा थांबला. "चालतंय तोवर म्हंजी कोण गं? गोळी, का मी?"
तो पुढं चालायला लागला.