भांडायची पाटी

प्रिय आक्का,

काल सुशीचं पत्र आलं. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, पण जिला आधी दाखवायला हवं ती तिची आई, म्हणजे तुम्हीच, नाही. मग मला चैन पडेना. म्हणून बसले लिहायला, तेही थेट दौत-टाक घेऊन! धाकट्या जावेचं हे धाडस बघायला तुम्ही हव्या होता.

चिकोडीकडच्या खेड्यातून मी निपाणीत आले, तेव्हा मला लिहिता यायचं ते फक्त कानडी. मराठी अक्षरं तुम्ही गिरवून घेतलीत. पण वाक्य लिहायचं म्हटलं की मी आधी मनात कानडीत जुळवायची, मग एकेक शब्द मराठीत आणायची. चुकेल या भीतीनं पाटी कोरीच राहायची.

मग एका दुपारी तुम्ही मुद्दाम माझ्या हातच्या साराला नावं ठेवलीत. मी फणफणले. तुम्ही पाटी पुढे सरकवलीत.

"त्वांडानं न्हाय, हितं भांड. चुकलं तर चुकू दे गं, पुसाय पदर हाय न्हवं?"

मी पाटी भरून भांडले. कानडी आठवायला सवड होती कुठे? वाचताना तुम्ही पोट धरून हसलात. "लई झ्याक भांडलीस," म्हणालात. चूक एकही दाखवली नाहीत. पुढं ते रोजचंच झालं. सासूबाईंवर लिहिलं, ह्यांच्यावर लिहिलं आणि सगळ्यात जास्त तुमच्यावर. तुम्ही मुद्दाम हरत होता ना? खरं सांगा.

एक राग मात्र आहे. कागदावर लिहू का विचारलं की तुमचं ठरलेलं, "लिहिशील गं, घाई न्हाय." घरची पत्रं शेवटपर्यंत तुम्हीच लिहिलीत, आणि मग अशा देवाघरी निघून गेलात!

तुमच्यामागं बेळगावहून सुशीची चिठ्ठी आली. आईशिवाय शिकण्यात मन लागत नाही, वळकटी बांधून ठेवलीय, न्यायला या. भावोजी तर निघालेच होते. मी दाराआडून म्हटलं, मी लिहून बघते.

"बघ लिहून. पर ऐतवारपातूर जबाब न्हाय आला, तर मी जाणार."

आधी पाटीवर लिहिलं असतं, तर नक्की पुसून टाकलं असतं. म्हणून कागदावरच भांडले तिच्याशी. तुझ्या आईला तुला मास्तरीण झालेली बघायचं होतं, आणि तू वळकटी बांधतेस? रडायचं तर रड, पण वर्गात बसून रड. शाईचे डाग पडले. परत न वाचताच टपालात टाकलं.

काल तिचं उत्तर आलं. "काकू, पत्र आधी अगदी आईचंच वाटलं. मग चुका दिसल्या, आणि तू आहेस हे कळून हसूच आलं. वळकटी सोडली."

भावोजींनी टोपी काढून खुंटीला लावली आणि चहा मागितला.

सुशी मास्तरीण होईपर्यंत मी तिला लिहीत राहीन, हा माझा शब्द. हाताला हळूहळू सफाई येईलच. तरी दर पत्रात थोड्या चुका राहू देईन. घरी अजून आपलं माणूस आहे, हे पोरीला कळायला हवं.

तुमची धाकटी जाऊ,
गंगा