एका सुराला वाट देणारी भिंत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
ध्वनिरोधक भिंत चाचणी विभाग

दिनांक: भिंत फोडण्याचा आदला दिवस

विषय: सदोष ठरवलेली भिंत उद्या न फोडणेबाबत.
संदर्भ: आपला शेरा, ‘अर्जदाराचे म्हणणे ऐकू आले नाही, सबब अर्ज निकाली.’

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या कारखान्यात पोलादी पत्रा व रबर यांचे थर आलटून पालटून चिकटवते. अशा थरांत शिरलेला आवाज प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा मागे फिरतो व पलीकडे पोचेपर्यंत त्याचा दम संपतो. मात्र थर सारखे हवेत.

२. रबरावर रूळ किती वेळ फिरवायचा, हे अर्जदाराच्या स्तोत्रावर ठरते. अर्जदार स्तोत्र म्हणते, ते संपेपर्यंत जाऊबाई रूळ फिरवतात. ही भिंत जोडली त्या दिवशी अर्जदाराचे मौन होते. स्तोत्र ओठांतच चालले. “तुझे ओठ बघू की रूळ बघू?” असे म्हणून जाऊबाईंनी अंदाजानेच, जरा लवकर, रूळ उचलला. मधला एक थर जाड राहिला.

३. चाचणीच्या वेळी आपण स्वतः भिंतीशी उभे राहून ओरडलात. आपला घसा बसला, पलीकडे काही नाही. ढोल झाला, भोंगा झाला. सगळे हात झाडून निघणार, तेवढ्यात अर्जदाराने सवयीने हळूच एका सुरात नाम घेतले, आणि पलीकडून जाऊबाई धावत आल्या, “अगं बाई, भिंतीतून तू येतेयस!” शब्द नव्हेत, नुसता सूर. त्या जाड थरात तेवढाच सूर घुमतो व पार होतो.

४. तेव्हापासून कामे खोळंबली, हे खरे. रोखपाल, शिपाई, खुद्द उपअधिकारी तो सूर सापडावा म्हणून भिंतीला नाक लावून गुणगुणतात. सर्दी झालेल्या एका कारकुनाचा सूर परवा चुकून पार झाला, तर त्याला खांद्यावर घेऊन जिन्यापर्यंत मिरवले.

५. अर्जदाराला जन्मभर “काय? जरा मोठ्याने!” एवढेच ऐकावे लागले. सासूबाई तर म्हणतात, “ही बोलते की फुंकर घालते?” देवाला ऐकू जाते, हा भरवसा होताच, माणसालाही जाते, हे या भिंतीने दाखवले. ती फुटली तर अर्जदार पुन्हा फुंकरच.

६. सबब फेरसुनावणी याच भिंतीशी व्हावी. अर्जदार अलीकडे, आपण पलीकडे. भिंत ठेवायची असल्यास अर्जदाराच्या सुरात फक्त “हूं” म्हणावे. जाऊबाई सूर धरून देतील. नकार द्यायचा झाल्यास आपल्या नेहमीच्या आवाजात खुशाल द्यावा. तो इकडे पोचणार नाही, याची कृपया नोंद व्हावी.

आपली नम्र व सध्या ऐकू येणारी,
अर्जदार, थर-जोडणी विभाग